दप्तर कोणाचे?



सरकार तुमच्यापाशी पुरावा मागते, आणि तो पुरावा सरकारच्याच कपाटात असतो. तुम्ही तो पाहावयास मागितला की कपाटाची किल्ली सापडत नाही. आणि पुरावा दिला नाही म्हणून अर्ज मात्र तुमचा फेटाळला जातो. भद्रावतीपासून गडचिरोलीच्या टोकापर्यंत पसरलेल्या आपल्या ह्या वनप्रदेशात हा खेळ वर्षानुवर्षे चालू आहे, आणि त्यात हरणारा पक्ष आधीच ठरलेला असतो. म्हणून माहितीच्या अधिकाराविषयी आज चार स्पष्ट शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. हा विषय वकिलांचा, आपल्याला त्यात काय कळणार, असे म्हणून पान उलटू नका. तुमच्या मुलाचा दाखला, तुमचे शेत आणि तुमच्या घराखालची हातभर जागा ह्या विषयाशी बांधलेली आहे.

प्रथम तारखा पाहा. सरकारने आपल्या आयुष्यावर चार तारखांचे शिक्के मारून ठेवले आहेत.

पहिली तारीख १० ऑगस्ट १९५०. अनुसूचित जातींचा आदेश त्या दिवशी निघाला. १९९० साली त्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही त्याचा लाभ मिळाला, हे खरे. परंतु दाखला व त्याची पडताळणी ह्यांसाठी तुमचे पूर्वज त्या दिवशी कोठे राहत होते व त्यांची पूर्वाश्रमीची जात कोणती नोंदली होती, हे कागदानेच सिद्ध करावे लागते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला बाबासाहेबांच्या समक्ष ज्यांनी दीक्षा घेतली त्यांची नातवंडे असोत, की गेल्या पौर्णिमेस दीक्षा घेतलेले कुटुंब असो, दाखल्याच्या खिडकीवर दोघांना प्रश्न एकच विचारला जातो : जुना कागद आणला काय?

दुसरी तारीख १४ एप्रिल १९९०. शासकीय पडीक व गायरान जमिनीवर अनुसूचित जातींच्या भूमिहीनांनी त्या दिवसापर्यंत केलेली अतिक्रमणे नियमित करावीत, असा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, हजारोंनी तुरुंगवास पत्करला, त्या लढ्याचे हे उशिरा आलेले फळ. पण फळ तोडण्यासाठी त्या दिवशी तुम्ही जमिनीवर होता हे दाखवावे लागते.

तिसरी तारीख १२ डिसेंबर १९९६. पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाच्या जमिनी म्हणजे वनच होय, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. ह्या जमिनींवर शाळा, कचेऱ्या, वस्त्या व शेते कधीच उभी राहिली आहेत. सक्षम अधिकाऱ्याने १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप केले असल्यास एक न्याय आणि नंतर केले असल्यास दुसरा न्याय, असा भेद त्या निकालात आहे. म्हणजे वाटपाचा आदेश कोणत्या सालचा, ह्या एका कागदावर एका कुटुंबाचे छप्पर राहणार की जाणार हे ठरावयाचे.

चौथी तारीख १३ डिसेंबर २००५. वनहक्क कायदा, २००६ ह्याने ती घातली. आदिवासी बांधवांस त्या दिवसापूर्वीची वहिवाट दाखवावी लागते. आपण मात्र त्या कायद्याच्या भाषेत ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतो, आणि इतर पारंपरिक वननिवासी म्हटला की त्याला त्या तारखेपूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य शाबीत करावे लागते. हिशेब करून पाहा. १३ डिसेंबर १९३० ह्या दिवशी तुमचे पणजोबा ह्या जंगलात राहत होते, हे दाखवावयाचे. ज्या माणसाला त्या काळी पाटीला हात लावू दिला नाही, त्याच्या पणतवाने त्याचा लेखी पुरावा आणावा, अशी ही मागणी आहे!

आता विचारा, हे पुरावे आहेत कोठे? तुमच्या घरातील पत्र्याच्या पेटीत ते सापडावयाचे नाहीत. ते आहेत कोतवाल पंजीत, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात, बंदोबस्ताच्या मिसलीत, निस्तार पत्रकात, अतिक्रमणाची नोंद ठेवणाऱ्या गाव नमुना एक-ई मध्ये, आणि वन खात्याच्या जुन्या नकाशांत व खटल्यांत. तुमच्या आजोबांना लाकडाच्या मोळीसाठी कधी दंड झाला असेल, तर त्या खटल्याचा निकालही आज त्यांच्या वास्तव्याची साक्ष ठरतो. सरकारने तारखा ठरविल्या, पुरावा मागण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला, आणि पुरावाही स्वतःच्याच दप्तरखान्यात ठेवला. आता त्याच दप्तरखान्याचे दार जर तुमच्यासाठी बंद राहिले, तर हक्क देणारा कायदा आणि हक्क नाकारणारा कायदा ह्यांत अंतर ते काय उरले?

ह्या ठिकाणी एका जुन्या गोष्टीची आठवण करून देतो. गावोगावच्या शिवेचा वाद निघाला की साक्ष कोणाची काढीत? महाराची. शीव कोठून जाते हे तो चालून दाखवी, आणि त्याचा शब्द पंच मानीत. मध्यप्रांतात गावचा कोतवाल बहुधा आपल्याच समाजाचा असे. जन्ममृत्यूची वर्दी पोलीस ठाण्यावर पोहोचविणे हे त्याचेच काम. काखोटीला पंजी मारून तो मैलोन्‌मैल तुडवीत जाई. गावाच्या शिवेचा पुरावा ज्याच्या जिभेवर होता आणि गावाच्या जन्माचा हिशेब ज्याच्या पायांनी ठाण्यावर गेला, त्याच्या वंशजाला आज सांगण्यात येते की, तू ह्या गावचा आहेस ह्याची नोंद सापडत नाही. ह्याला दैवगती म्हणणारे म्हणोत. आमच्या मते ही कचेरीची करणी आहे, आणि करणीला जाब विचारता येतो.

जाब विचारण्याचे साधन म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. १२ ऑक्टोबर २००५ पासून तो अंमलात आला. महाराष्ट्रात त्याआधीच, २००२ सालापासून, राज्याचा स्वतःचा कायदा होता. पण त्याचा जन्म विद्वानांच्या परिषदेत झाला नाही, हे ध्यानात ठेवा. राजस्थानातील खेड्यांत दुष्काळी कामावर राबणाऱ्या मजुरांना मजुरी पुरी मिळेना. तेव्हा मजदूर किसान शक्ती संघटनेच्या झेंड्याखाली त्यांनी हजेरीपट मागितले, आणि डिसेंबर १९९४ पासून गावागावांत जनसुनावणी भरवून ते सर्वांसमक्ष वाचले. मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचललेली निघाली. १९९६ च्या एप्रिलात ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे धरून त्यांनी मागणी केली ती एवढीच की, आमच्या नावाने लिहिलेला कागद आम्हांला दाखवा. ज्यांना वाचता येत नव्हते अशा बायाबापड्यांनी ह्या कायद्याचा पाया घातला. मग आपण शिकलेल्यांनी त्याला भ्यावे काय?

कायदा बोलतो ते स्पष्ट बोलतो. अर्जाला कारण सांगावे लागत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तोही लागत नाही. तीस दिवसांत उत्तर आले पाहिजे. माणसाच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. मुदत टळली तर ती माहिती फुकट द्यावी लागते. माहिती का नाकारली हे सिद्ध करण्याचे ओझे अधिकाऱ्याच्या शिरावर आहे, अर्जदाराच्या नव्हे. विनाकारण अडविणाऱ्यास दर दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. इतके सगळे असताना अर्जदार रिकाम्या हाताने का परततो? कारण कायद्याच्या प्रत्येक दारासाठी कचेरीने एक एक अडसर घडविला आहे.

पहिला अडसर : ‘सदर अभिलेख उपलब्ध नाही.’ हे चार शब्द लिहिण्यास कारकुनाला अर्धा मिनिट लागतो आणि एका कुटुंबाची तीन पिढ्यांची वहिवाट त्यात पुसली जाते. आमच्या वकिलीत आलेले एक प्रकरण सांगतो. कचेरीचे व पक्षकाराचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. एका वृद्ध विधवेने आपल्या गायरानातील तुकड्यासंबंधी गाव नमुना एक-ई चा उतारा मागितला. उत्तर आले, रजिस्टर जीर्ण झाले असून आढळून येत नाही. पुढे काही महिन्यांनी तिलाच अतिक्रमण काढण्याची नोटीस आली, आणि त्या नोटिशीस पुरावा म्हणून कोणता कागद जोडला होता? त्याच रजिस्टराचा उतारा! जे दप्तर तिच्या बाजूने बोलण्यास जीर्ण झाले होते, ते तिच्याविरुद्ध बोलण्यास ठणठणीत निघाले.

बंधूंनो, ‘गहाळ’ हा शब्द माहिती अधिकाराच्या कायद्यात कोठेही नाही. माहिती नाकारण्याची कारणे कलम ८ व ९ मध्ये मोजून दिली आहेत. त्यांत कागद हरविला हे कारण नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१३ रोजी भांबूरकर प्रकरणात हेच सांगितले : सापडत नाही म्हणून हात झटकता यावयाचे नाहीत, कसून शोध घेतला पाहिजे, आणि हरविले असेल तर जबाबदारी ठरविली पाहिजे. आपल्या राज्यात तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. अभिलेख नियमबाह्य रीतीने नष्ट करणारास पाच वर्षांपर्यंत कारावास अथवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्याच्या कलम ९ मध्ये आहे. कचेरी जेव्हा ‘गहाळ’ म्हणते तेव्हा ती एका अपराधाची वर्दी देत असते. ती वर्दी ऐकून आपण मुकाट्याने घरी परततो, हेच तिला हवे असते.

मोठ्यांच्या कागदाला आणि लहानांच्या कागदाला न्याय कसा वेगळा असतो तेही पाहा. भद्रावतीच्या भुईखाली कोळसा आहे. आयुधनिर्माणी आली, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आल्या, कर्नाटकाच्या वीजकेंद्रांसाठी बरांजची खाण निघाली. १९९० च्या दशकात निप्पॉन डेन्रोच्या वीजप्रकल्पासाठी शेतकऱ्यांची शेकडो हेक्टर जमीन घेण्यात आली. जमीन गेली, प्रकल्प मात्र उभा राहिला नाही. २०१३ साली देशातील खाणवाटपाच्या काही फायली कोळसा मंत्रालयातून नाहीशा झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा संसद दणाणली आणि केंद्रीय अन्वेषण विभागाने चौकशी सुरू केली. पुढे सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०४ कोळसापट्ट्यांचे वाटप रद्द केले. त्यांत बरांजचे पट्टेही होते. दिल्लीची फाईल हरविली तर देशाचा कारभार हलतो. परंतु त्याच कोळशावर ज्याचे शेत होते त्या माणसाचे संयुक्त मोजणीचे पत्रक हरविले, निवाड्याची प्रत हरविली, तर एक ओळीचे पत्र येते आणि प्रकरण नस्तीबंद होते. कागदाचे मोल त्यावरील मजकुराने ठरते की तो कोणाचा आहे ह्याने ठरते?

दुसरा अडसर : ‘माहिती त्रयस्थ व्यक्तीची व वैयक्तिक स्वरूपाची आहे.’ हा अडसर अलीकडे फार बळकट करण्यात आला आहे. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गिरीश देशपांडे प्रकरणात, म्हणजे नागपूर खंडपीठातून वर गेलेल्या आपल्या विदर्भाच्याच एका खटल्यात, सरकारी नोकरावरील ठपक्याचे व त्याच्या मालमत्तेचे कागद ही त्याची वैयक्तिक माहिती ठरविली. तरीही व्यापक जनहित दिसल्यास ती देता येत होती. पुढे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ह्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातील कलम ८(१)(ञ) चे शब्दच बदलून टाकले, आणि ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली. पूर्वी त्या कलमाला मर्यादा होत्या : माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसावा, किंवा ती दिल्याने कोणाच्या खाजगी जीवनावर अकारण आक्रमण व्हावे. आता वैयक्तिक माहिती एवढे म्हणणे पुरे. रोजगार हमीच्या हजेरीपटावर नावे असतात. घरकुलाच्या यादीवर नावे असतात. जमीनवाटपाच्या आदेशावर नाव असते. नाव असले की वैयक्तिक! मग राजस्थानातील मजुरांनी १९९४ साली जे हजेरीपट वाचले, ते आज त्यांना कोणी दाखविले असते काय?

ह्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट नाहीशी केली. मूळ कायद्यात एक परंतुक होते : संसदेला अथवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. ह्या ओळीचे सामर्थ्य महाराष्ट्राने पाहिले आहे. माजी वनमंत्री सुरूपसिंग नाईक ह्यांना, सर्वोच्च न्यायालयाचे आदेश डावलून आरा गिरण्यांना परवाने दिल्याच्या प्रकरणात, मे २००६ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक महिन्याचा कारावास झाला. त्यातील बराचसा काळ त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काढला. एका नागरिकाने त्यांच्या आजाराचे कागद मागितले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि २००७ साली न्यायालयाने ह्याच परंतुकाचा आधार घेऊन सांगितले की, रुग्णाच्या गुप्ततेचे वैद्यक परिषदेचे नियम माहितीच्या अधिकारावर मात करू शकत नाहीत. साध्या नागरिकाला आमदाराच्या बरोबरीने उभे करणारी ती ओळ होती. मतपेटीपुढे तुम्ही समान. दप्तरापुढेही समान, असे ती म्हणत होती. ती आता कायद्याच्या पुस्तकात नाही.

गरिबाला खाजगी जीवन नसते असे आम्ही म्हणत नाही. कोणाचा आजार, कोणाच्या घरातील दुःख, कोणाच्या बँकेतील चार पैसे चव्हाट्यावर येऊ नयेत. पण गोपनीयतेचे हे छत्र कोणाच्या डोक्यावर धरले जाते? तुमची जात, तुमचे उत्पन्न, तुमच्या अंगठ्याचा ठसा आणि तुमच्या चुलीचा फोटो कचेरी दहा वेळा मागते, तेव्हा तुमच्या खाजगीपणाची तिला आठवण होत नाही. वाटप झालेल्या जमिनींची यादी तुम्ही मागितली की मात्र तिला एकाएकी लाज वाटू लागते.

तिसरा अडसर : ‘मागितलेली माहिती मोठ्या व्याप्तीची असून तिच्यामुळे कामकाजावर ताण पडेल.’ कलम ७(९) चा हा सरळ विपर्यास आहे. ते कलम माहिती कोणत्या स्वरूपात द्यावी एवढेच सांगते. माहिती नाकारण्याची मुभा देत नाही. नकलांचा गठ्ठा करणे जमत नसेल तर अर्जदाराला दप्तर पाहू द्यावे. शिवाय कलम ४ अन्वये प्रत्येक कार्यालयाने आपल्या अभिलेखांची सूची करावी आणि सतरा प्रकारची माहिती आपण होऊन, कोणी न मागता, प्रसिद्ध करावी, अशी आज्ञा २००५ पासून आहे. ज्या कचेरीने सूची केली नाही तिने शोधण्यास वेळ लागतो अशी तक्रार करू नये.

चौथा अडसर सर्वांत मोठा, आणि त्यावर काहीच लिहिलेले नसते. तो म्हणजे मौन. उत्तर येत नाही. पहिले अपील केले तर सुनावणीची तारीख येत नाही. दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे गेले की ते तेथे वर्षानुवर्षे पडून राहते. २०२३ च्या मध्यास महाराष्ट्राच्या आयोगापुढे एक लाखाहून अधिक अपिले व तक्रारी तुंबलेल्या होत्या. देशातील कोणत्याही राज्याहून अधिक. आयुक्तांच्या जागा रिकाम्या राहतात. असे चालले तर हा कायदा कागदावरच मरेल, असा इशारा सर्वोच्च न्यायालयाला ३० ऑक्टोबर २०२३ रोजी द्यावा लागला. वनहक्काचा दावा फेटाळला गेला की अपिलाची मुदत दोन महिने. आणि त्या अपिलास लागणारा कागद मिळण्यास तीन-तीन वर्षे! १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला आणि पंधरा दिवसांनी, २८ फेब्रुवारीस, तो स्थगित केला. त्या पंधरा दिवसांत किती घरांत चूल नीट पेटली नसेल! त्यांतील किती दावे खोटे म्हणून फेटाळले गेले आणि किती केवळ कचेरीने कागद न दिल्यामुळे, हा भेद निकालपत्रात दिसत नाही. दोघांवरही ‘पुराव्याअभावी अमान्य’ हाच शिक्का.

आता आमचा मुख्य मुद्दा. न्यायालयात सामान्य माणसाने आपल्या हातातील कागद दडविला तर कायदा काय म्हणतो? पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम ११४ चे उदाहरण (छ) असे सांगे की, जो पुरावा देता आला असता तो दिला नाही, तर तो दिल्यास दडविणाराच्या विरुद्ध गेला असता असे न्यायालय गृहीत धरू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हेच तत्त्व कलम ११९ मध्ये कायम आहे. मग हे तत्त्व सावकाराला लागू आणि सरकारला नाही, असे का? कचेरीने आपल्याजवळील १९५० पूर्वीची नोंद, एक-ईचा उतारा वा निस्तार पत्रक दिले नाही, तर त्या न दिलेल्या कागदाचा फायदा दावेदाराला मिळाला पाहिजे. दप्तर दडविणाऱ्याला पुराव्याअभावी दावा फेटाळण्याचा अधिकार उरता कामा नये. आमची ही मागणी दयेची नाही; शेकडो वर्षांच्या न्यायतत्त्वाची आहे, आणि ती प्रत्येक दाव्यात व प्रत्येक अपिलात लेखी मांडली गेली पाहिजे.

विरोधक म्हणतील, माहितीचा अधिकार खंडणीखोरांच्या हाती गेला आहे. अर्ज करावयाचा आणि पैसे घेऊन मागे घ्यावयाचा, असा धंदा चालतो. चालतो, आम्हीही तो पाहिला आहे. परंतु दडविण्यासारखे काही असते म्हणूनच ते न दाखविण्याची किंमत मिळते. सर्व दप्तर उघडे ठेवा, खंडणीखोर दुसऱ्या दिवशी उपाशी मरेल.

पण दोष सारा कचेरीच्याच पदरात टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्याकडे लोक वकिलाच्या दारी येतात ते बुलडोझर दारी आल्यावर. पावती मागत नाहीत, पोच घेत नाहीत, अर्जाची नक्कल ठेवीत नाहीत. दलालाला पाचशे रुपये देतील, पण दहा रुपयांचा स्टॅम्प लावून स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिणार नाहीत. अर्ज लिहिला तर त्यात पाच पाने रडगाणे आणि अंमलदाराला शिव्या. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. कचेरी तुमचा राग वाचीत नाही. ती चूक शोधते आणि अर्ज परत करते. साहेबाला कागद मागितला तर तो रागावेल, मग रेशन बंद करील, ही भीती तर हाडांत भिनलेली. ज्यांनी देव्हारा रिकामा करण्याचे धैर्य दाखविले, त्यांनी कचेरीतील खुर्चीला देव मानावे, हे शोभते काय?

म्हणून ऐका. गरज पडण्यापूर्वी मागा. मुलगा दहावीत जाण्याआधी कोतवाल पंजीची व शाळेच्या रजिस्टराची नक्कल हाती असू द्या. मोघम ‘सर्व कागद’ मागू नका. कोणते गाव, कोणते साल, कोणते रजिस्टर हे लिहा. ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तर शोध केव्हा व कोणी घेतला, रजिस्टर शेवटचे कोणाच्या ताब्यात होते, नष्ट केले असल्यास त्याचा आदेश कोठे आहे, हे पुढील अर्जाने विचारा. ‘वैयक्तिक’ असे उत्तर आले तर दोन कलमे पाठ म्हणून दाखवा. कलम ८(२) : जनहित मोठे असेल तर सवलत असूनही माहिती देता येते. कलम ८(३) : वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार व मंत्रिमंडळाचे कागद सोडल्यास, दिलीच पाहिजे. २०२३ च्या दुरुस्तीने ह्या दोन्ही कलमांना हात लावलेला नाही. १९५० ची पंजी, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, १९९० ची एक-ई नोंद, १९९६ पूर्वीचे वाटप, हे सारे वीस वर्षांच्या पलीकडचे आहे. त्याला वैयक्तिकतेचे कुलूप लागू शकत नाही.

वनहक्काच्या दाव्यात तर माहिती अधिकाराचीही वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामसभेने अथवा वनहक्क समितीने मागितलेल्या अभिलेखाची प्रमाणित प्रत देणे हे संबंधित कार्यालयाचे कर्तव्य आहे, असे वनहक्क नियमांतील नियम १२(४) सांगतो. वन व महसुली नकाशे आणि मतदार याद्या पुरविण्याची जबाबदारी नियम ६ ने उपविभागीय समितीवर टाकली आहे. एकाच विशिष्ट कागदाचा हट्ट धरता येत नाही. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी कथनही नियम १३ ने पुरावा मानले आहे. आणि पंचाहत्तर वर्षे ही वास्तव्याची अट आहे. त्याच शेतावर पंचाहत्तर वर्षांची वहिवाट मागणारा अंमलदार कायद्याबाहेर बोलतो. हे त्याला तोंडावर सांगा, आणि सांगितलेले ग्रामसभेच्या ठरावात लिहून ठेवा.

उत्तर मुदतीत आले नाही तर तीस दिवसांच्या आत पहिले अपील. तेथे निभाव लागला नाही तर नव्वद दिवसांच्या आत नागपूर खंडपीठाकडे दुसरे. दोन्हींना वीस-वीस रुपयांचा स्टॅम्प. आयोगाकडे विलंब होतो म्हणून अपील सोडू नका. अपील प्रलंबित आहे, कागद सरकारने रोखला आहे, हेच मूळ दाव्यात लेखी नोंदवा. उद्या न्यायालयापुढे तेच तुमचे हत्यार होईल.

एकट्याने हे जड जाते, हे आम्ही जाणतो. म्हणून प्रत्येक विहारात एक लोखंडी पेटी व एक नोंदवही ठेवा. वस्तीतील प्रत्येक कुटुंबाच्या कागदांची एक नक्कल त्या पेटीत राहू द्या. कोणी कोणत्या तारखेस काय मागितले, उत्तर काय आले, अपिलाची मुदत केव्हा संपते, हे शिकलेल्या मुलामुलींनी वहीत लिहावे आणि दर पौर्णिमेस वंदनेनंतर मोठ्याने वाचून दाखवावे. वर्षभरात एका गावाचे स्वतःचे दप्तर उभे राहील. मग कचेरीला ‘गहाळ’ म्हणण्यापूर्वी विचार करावा लागेल, कारण तिच्याकडे नसलेला कागद गावाकडे असेल.

दप्तरातील प्रत्येक पान आपल्या घामाच्या करातून लिहिले गेले आहे, आणि त्यातील अर्धी पाने आपल्याच वाडवडिलांच्या जगण्याविषयी आहेत. अंमलदार त्याचा राखणदार आहे, मालक नव्हे. येत्या सोमवारी कचेरी उघडेल. दहा रुपयांचा स्टॅम्प घ्या, एका रजिस्टराचे नाव लिहा, पोच घ्या, आणि तीस दिवस बोटांवर मोजावयास आरंभ करा.